मागून थोडं कमी करा

...नाही, नाही, नाही! आधी ते फळ्यावरचं 'धन्य ती माउली' पुसा. कुणी लिहिलंय? अक्षर छान आहे हो, अक्षराबद्दल माझी तक्रार नाही, पण पुसा! असलं काही वाचलं ना, की आमची धाकटी दारातूनच परत फिरते. आता हेच बघा, 'स्वमग्न मुलांच्या आयांचे अनुभव' म्हणून तुम्ही बोलावलंत कुणाला? तिला. कार्यक्रमपत्रिकेत नाव कुणाचं? तिचं. आणि इथे उभी कोण आहे? मी! तिची थोरली बहीण, जिला कुणी बोलावलंच नव्हतं! सकाळी तयार होऊन तिच्या दारात गेले, म्हटलं, चल गं, उशीर होतोय, तर ही आपली टॉवेलांच्या घड्या घालतेय. म्हटलं, अगं, येणार आहेस ना? तर मान वर न करता म्हणाली, 'बघू.'

बघू!

तुम्हाला सांगते, या दोन अक्षरांनी माझं आयुष्य खाल्लं. दुसऱ्या कुणाचं 'बघू' कळतं हो आपल्याला. नवऱ्याचं 'बघू' म्हणजे विसरून जा. साहेबाचं 'बघू' म्हणजे पुढच्या वर्षी या. पण आमच्या धाकटीचं 'बघू' म्हणजे ती खरोखरच बघत बसते! दिवसच्या दिवस बघते, महिने बघते, इकडे आपला जीव टांगणीला, आणि ही बघतेय! मी अशी नाही. मी उभं आयुष्य वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर काढलं. 'आमचा दिवा लुकलुकतो', 'शेजारच्यांकडे आहे, मग आमच्याकडे का नाही'... तक्रार घेतली, शिक्का मारला, पुढचा या! बघत कोण बसतंय? लोकांच्या ऐकून ऐकून कान किटले, आता निवृत्त झाले, आता माझी पाळी. तुम्ही ऐका.

तर धाकटीचं पार्लर. आताचं नव्हे, आताचं काचेचं आहे, आत पाऊल टाकलं की थंडी वाजते. मी सांगतेय ते जुनं! सायकलवाल्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मधलं, दोन पायऱ्या उतरून जायचं. आत आरसा एक, खुर्च्या दोन, त्यातल्या एकीचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी, ती चिकटपट्टी बसणाऱ्याच्या कपड्यांना चिकटायची, बाई उठली की खुर्चीही जरा उठायची. ओल्या टॉवेलांचा वास, शॅम्पूचा वास, मागच्या स्टोव्हवर चहा... काय सांगू तुम्हाला, कचेरी सुटली की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. आणि कोपऱ्यात तो ड्रायर. उभ्या दांड्यावर भलंमोठं टोप, पूर्वी बायका केस कुरळे करून त्याच्याखाली बसायच्या, तसला. धाकटीनं तो जुन्यात घेतला आणि घेतल्या घेतल्या बंद पडला. म्हटलं, टाकून दे गं, जागा अडते. काय म्हणाली असेल? 'बघू.' राहिला तो तिथेच. आणि पुढे त्यात आमची भुंगी राहायला गेली.

भुंगी म्हणजे माझी भाची. धाकटीची लेक, एकुलती एक. पाळण्यात असल्यापासून तिचं तोंड बंद आणि आतून आवाज चालू... म्म्म्म्म्म... असा, एका सुरात, भुंगा खोलीत शिरल्यासारखा. म्हणून भुंगी. आम्हाला आपलं कौतुक! गाणार म्हणे पोरगी! मग वय वाढलं, पण शब्द येईना. हाक मारली तर वळून बघेना. आधी कान तपासले, कान उत्तम. उलट इतके उत्तम, की दोन घरं पलीकडे कुणी कुकर लावला की ही इथे कानांवर हात ठेवून बसायची. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी बराच वेळ तिच्याबरोबर फरशीवर बसून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, मुलगी स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात याला. घरी येऊन हे सांगितलं, तर धाकटीच्या सासूबाई काय म्हणाव्यात? 'मग्न आहे ना? मग चांगलंच की! आमचे हे नव्हते का, सकाळी पेपरात मग्न, संध्याकाळी रेडिओत मग्न. त्यांना कुठे कुणी डॉक्टरकडे नेलं?'

हसा, हसा. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. धाकटी टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेली. चारच टॉवेल होते, पण अंधार पडायला आला तरी ही खाली येईना. मी वर गेले, तर टॉवेल केव्हाचे दोरीवर, आणि ही त्यांच्या मागे उभी. मी म्हटलं, चल खाली, होईल सगळं ठीक. कुठून आणायचे हो शब्द अशा वेळी? जे तोंडात आलं ते बोलले. तिनं नाक पुसलं, म्हणाली, 'ठीक होईल की नाही ते माहीत नाही गं ताई. बघू.'

तर त्या टोपाखाली भुंगीचं घर झालं. त्याच्याखाली खुर्चीवर बसायचं, टोप कानांपर्यंत खाली ओढून घ्यायचं, की बाहेरची दुनिया बंद! आत आपलं म्म्म्म्म... आणि तो आवाज त्या टोपात असा काही घुमायचा, की नवीन आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, 'मशीन चालू आहे का हो?' धाकटी म्हणायची, 'मशीन बंद आहे, मुलगी चालू आहे.'

आणि तिथे बसून बसून ती बोलायला शिकली! पण कुणाची भाषा? गिऱ्हाइकांची! आई-बाबा नाही, भूक-तहान नाही, पहिलं वाक्य काय, तर... 'मागून थोडं कमी करा.' अगदी ठसक्यात, मान तिरकी करून, बँकेतल्या एक बाई यायच्या केस कापायला, त्या म्हणायच्या त्याच सुरात! आम्हाला वाटलं, नुसती नक्कल. मग हळूहळू लक्षात आलं, की ही पोपटपंची नाही. सोसेनासं झालं की ती हे म्हणायची. कुणी मोठ्यानं बोललं, 'मागून थोडं कमी करा.' खाण्यात नको ते लागलं, 'मागून थोडं कमी करा.' एकदा माझ्या कचेरीच्या स्नेहसंमेलनात नेलं होतं तिला, साहेबांचं भाषण सुरू, कर्ण्यातून नुसता खरखराट, आणि पहिल्या रांगेतून हिचा खणखणीत आवाज, 'मागून थोडं कमी करा!' अहो, साहेबांनी खरंच आटोपतं घेतलं! सगळ्या कचेरीनं नंतर माझे आभार मानले. घरी जायचं असलं की म्हणायची, 'किती झाले?' आणि फार फार आनंद झाला, पण तो वर्षातून एखाद्या वेळी, की आरशात बघून, 'वा! वयच कमी झालं!'

आता मूळ दुखणं सांगते. केस! पोरगी बोलायची पार्लरचं, राहायची पार्लरमध्ये, आई सगळ्या गल्लीचे केस कापायची, आणि हिच्या केसांना कुणी हात लावायचा नाही. कात्री लांब राहिली, कंगवा दिसला तरी किंचाळायची. केस कमरेपर्यंत आलेले, मागे गुंता होऊन नुसती दोरखंडं झालेली. आणि लोक? लोकांना तर विषयच मिळाला. 'केशकर्तनवालीची पोरगी आणि डोक्याचं हे घरटं?' एक बाई तर अर्धे केस कापून झाल्यावर, खुर्चीत बसून, धाकटीच्याच आरशात बघून म्हणाली, 'स्वतःच्या लेकीचं जमत नाही, ती आमचं काय करणार म्हणा!' अर्धे राहिले होते हो तिचे! मी असते तर तसंच पाठवलं असतं घरी! धाकटीनं उरलेले नीट कापले, मानेवर पावडर मारली, गुपचूप पैसे घेतले. एकेक करत गिऱ्हाइकं तुटायला लागली.

तुम्ही म्हणाल, धरायचं आणि कापायचं. आम्हीही म्हणालोच की! एकदा धरलंही होतं. सासूबाईंनी पाय धरले, धाकटीच्या नवऱ्यानं हात, तो बस चालवतो, एवढी मोठी बस एका हातानं वळवणारा माणूस, पण त्या काटकुळ्या पोरीला धरताना त्याला घाम फुटला. मी दाराशी चॉकलेट घेऊन उभी. धाकटीच्या हातात कात्री. अहो, काय तो आकांत! सायकलवाला धावत आला, चष्मेवाला धावत आला, सगळ्यांना वाटलं अपघात झाला. एक बट जेमतेम कापली असेल, धाकटीनं कात्री फेकून दिली. ओरडली, 'सोडा तिला! सगळे सोडा!' मी उभ्या जन्मात तिला ओरडताना ऐकलं ते तेवढंच. भुंगी जी टोपाखाली शिरली, ती पाठ करूनच बसली. आणि त्यानंतर किती तरी दिवस आईच्या हातचा घास घेईना. बापाच्या हातचा घेई, माझ्या हातचा घेई, ज्यांनी पाय धरले त्या आजीच्याही हातचा घेई. आईनं घास पुढे केला की तिच्या हाताकडे बघायची... त्याच हाताकडे... आणि तोंड फिरवायची. धाकटी मग ताट ठेवून खोलीबाहेर जायची, म्हणजे निदान पोरगी जेवेल.

त्या दिवसापासून धाकटीनं ठरवलं, पुन्हा जबरदस्ती नाही. सासूबाई म्हणाल्या, 'मग झोपेत काप. तिला पत्ताही लागणार नाही.' सोपं आहे की नाही? मलाही पटलं. धाकटी म्हणाली, 'आणि सकाळी उठून तिनं डोक्याला हात लावला, तर? मग ती परत झोपेल कशी?' 'मग करणार काय तू?' मी विचारलं. आता तुम्हीच सांगा काय म्हणाली!

...बरोब्बर! तुम्हालाही आता पाठ झालं. मी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता.

आणि मग शाळेतून निरोप आला. ती शाळा म्हणजे... अहो, किती शाळांची दारं झिजवली होती, एकानं म्हणावं जागा नाही, दुसऱ्यानं म्हणावं बाकीच्या पालकांना चालणार नाही, त्यातून ही एक मिळाली होती. भुंगी रमलीही होती तिथे, खिडकीजवळचा बाक तिचा होता, दप्तर बघितलं की स्वतःहून चपला घालायची. तर शाळेत उवा झाल्या. सगळ्याच मुलांना! मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हुकूम काढला, सगळ्यांनी केस बारीक कापून यायचं, नाही तर यायचं नाही. भुंगीच्या डोक्यात ऊ होती की नव्हती, देव जाणे, कुणाला बघू द्यायची ती? पण गेली शाळा. सकाळी दप्तर दिसलं की पोरगी चपला घालून दारात उभी, आणि कुणी नेईना. उभी आपली. म्म्म्म्म... पण तो सूर वेगळा होता हो, चढत जाणारा. शेवटी धाकटीनं दप्तर माळ्यावर लपवून ठेवलं. आता तर मीही चिडले. म्हटलं, किती बघशील? शाळा जातेय पोरीची! काही तरी कर!

तर आता ऐका काय केलं ते. त्या दिवशी कचेरीला सुट्टी, दुपारी मी पार्लरमध्ये होते. गिऱ्हाईक एकही नाही. त्यात वीज गेली, पंखा बंद, धाकटी माझ्याकडे अशी बघतेय जशी काही मीच जाऊन बटण दाबलंय. सगळं चिडीचूप. भुंगी टोपाखाली. आणि धाकटी, जी त्या दुकानात कधी टेकलेली मी बघितली नव्हती, सदान्‌कदा उभी, पोटऱ्यांच्या शिरा निळ्या झाल्या होत्या तिच्या, ती आली आणि त्या चिकटपट्टीच्या खुर्चीत धपकन बसली. आरशात स्वतःकडे बघत राहिली. मग गळ्याभोवती बांधायचं ते कापड घेतलं, स्वतःच्याच गळ्यात बांधलं, आणि मला म्हणाली, 'ताई, माझे केस काप गं.'

मी? अहो, मला धड नखं कापता येत नाहीत! म्हटलं, डोकं फिरलं का तुझं? 'काप गं,' म्हणाली, 'मला बघायचंय इथे बसलं की कसं वाटतं.'

आमची ही वादावादी चाललीय, तोवर माझ्या मागचं म्म्म्म बंद! वळून बघते, तर भुंगी टोपाखालून बाहेर. आईकडे टक लावून. आई आरशासमोर बसलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती ना! काही तरी चुकतंय, माणूस चुकीच्या जागी आहे! ती हळूहळू पुढे आली, खुर्चीच्या मागे उभी राहिली, अगदी जिथे धाकटी उभी राहते तिथे, आणि म्हणाली, 'बसा ना ताई. कसे कापायचे?'

आईचा आवाज! गिऱ्हाईक आलं की धाकटी म्हणते तेच! हुबेहूब! हेलासकट! आजवर गिऱ्हाइकांचं बोलायची, पहिल्यांदा आईचं बोलली! आणि बोलता बोलता फळीवरची कात्री उचलली की हो तिनं!

ती टोकदार कात्री, तो सुटा हात, समोर बहिणीचा कान, मान! मी म्हटलं, 'अगं, कात्री...!' धाकटी आरशातूनच म्हणाली, 'ताई, गप्प.' आणि मग लेकीकडे आरशात बघून, अगदी बँकेतल्या बाईंच्या ठसक्यात म्हणाली, 'मागून थोडं कमी करा.'

कच्च!

थोडं? अहो, मूठभर! कानामागचा सगळा झुपका फरशीवर! मी डोळे मिटले. उघडले तर रक्त नाही, कान जागेवर, आणि धाकटी... हसतेय! भुंगीनं तो झुपका उचलला, वास घेतला, मग आईच्या समोर जाऊन तिचा चेहरा निरखला. लागलं का? नाही. रडतेय का? नाही. परत मागे गेली. कच्च! परत समोर येऊन बघितलं. असं किती तरी वेळा. धाकटी दगडासारखी बसून. माझं काय होत होतं ते मला विचारा! मग धाकटी सावकाश उठली, कापड काढलं, अर्धं डोकं कुरतडलेलं, अर्धं शाबूत, अशी खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली, हात पुढे केला. म्हणाली, 'बसा ना ताई. कसे कापायचे?'

भुंगी उभी. बाहेर सायकलवाला चाक ठोकत होता, तेवढाच काय तो आवाज. कात्री तिच्या हातात, आईचा हात पुढे केलेला, तोच हात, ज्याच्यातला घास तिला चालत नव्हता. तिनं त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. आणि कात्री त्यात ठेवली. खुर्चीत चढली. कापड दाखवलं तर ढकलून दिलं. नको तर नको! डोळे गच्च मिटले, खांदे कानांपर्यंत वर, आणि हळूच म्हणाली, 'मागून थोडं कमी करा.'

कच्च. एकदाच. एक बट. भुंगीनं टुणकन उडी मारली, 'किती झाले?' म्हणाली, आणि टोपाखाली!

धाकटीनं कात्री ठेवली. वाकून ती बट उचलली. मी रडत होते, ते सोडा, मी जाहिरातीतही रडते. मी म्हटलं, अगं, एवढीशी एक बट, अशानं सगळे व्हायचे कधी? म्हणाली, 'बघू.' आणि तुम्हाला सांगते, त्या एका दिवशी मला त्या शब्दाचा राग आला नाही.

मग रोज दुपारी हेच. आधी तिनं आईची बट कापायची, मग आईनं तिची. हिशेब चोख, फुकटात काही नाही. पण भुंगीचा हात भारी ना! आपली द्यायची बोटभर, आईची घ्यायची मूठभर! तिचे केस कमरेवरून पाठीवर येईतो आमच्या धाकटीचं डोकं बघवेना. इथे टक्कल, तिथे तुरा, मागे पायऱ्या! पार्लरवालीचं डोकं हो हे! आणि लोकांना कारण कुठे माहीत? सगळ्यांना वाटलं, ही आजारी आहे. मोठं काही तरी आहे, सांगत नाही बिचारी. झालं, गल्लीभर कुजबुज! 'औषधानं जातात असे केस...' 'आणि त्यात पदरी ती मुलगी...' पोरीमुळे सोडून गेलेल्या बायका आजारामुळे परत आल्या! फळं काय आणताहेत, सूप काय आणताहेत, ती अर्ध्या केसांवर बोलून गेलेली बाई तर डोळे पुसत आली आणि सहा महिन्यांचं काम एकदम करून घेऊन गेली. मी म्हटलं, अगं, सांग तरी त्यांना! 'बघू.' सासूबाई तर निवांत, दारात खुर्ची टाकून, 'आणा, ठेवा इथे. संत्री आहेत का? बरं झालं.'

शाळेचं राहिलंच! अशाच अवतारात एक दिवस ही मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते, बोलायला कुणी तरी हवं ना! मोठ्या बाई म्हणजे कडक, इस्त्रीची माणसं असतात तशी. धाकटीनं डोक्यावरचा रुमाल काढला. म्हणाली, 'मुलीचे केस रोज थोडे कमी होताहेत. पूर्ण व्हायला वेळ लागेल. तोवर तिला येऊ द्या.' मोठ्या बाई तिच्या डोक्याकडे बघतच राहिल्या. 'हे... तुमचे कुणी कापले?' 'तिनं.' 'आणि तुम्ही कापू दिलेत?' 'त्याशिवाय ती मला कापू देत नाही.' मी पुढचं भाषण तयार ठेवलं होतं, हक्क, नियम, वर तक्रार करू, सगळं! गरजच पडली नाही. त्यांनी टेबलावरचा हजेरीपट ओढून घेतला, भुंगीचं नाव शोधलं. मग म्हणाल्या, 'उद्यापासून पाठवा. रुमाल बांधेल का ती?' रुमाल कसला बांधतेय! पण दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या बाकावर भुंगी होती, आणि धाकटी शाळेच्या फाटकाबाहेर उगाचच उभी होती. हे मला चष्मेवाल्यानं सांगितलं.

आणि सासूबाई! एका दुपारी आल्या, काही न बोलता त्या खुर्चीत बसल्या, आपली ती शेपटीएवढी पांढरी वेणी पुढे घेतली, म्हणाल्या, 'भुंगे, घे गं माझीही. पाय धरले होते ना मी तुझे.' भुंगीनं वेणी धरली आणि मुळापासून... कच्च! सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं, त्यांना वाटलं होतं टोक घेईल! आणि भुंगी आरशात बघून ओरडली, 'वा! वयच कमी झालं!'

त्या दिवशी आम्ही जे हसलोय! धाकटी, मी, आणि स्वतःचं डोकं चाचपत सासूबाईसुद्धा. आज त्या नाहीत. ते दुकानही नाही, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी मुद्दाम वाट वाकडी करून तिकडून जाते, आणि त्या दोन पायऱ्यांपाशी थांबले की आतला पोरगा विचारतो, 'काय हवंय, आजी?' काय सांगू त्याला काय हवंय? ओल्या टॉवेलांचा वास आहे का, विचारू? अहो, ते दिवस काही सोपे नव्हते. धाकटीला विचाराल तर ती म्हणेल, पुन्हा नको. पण मला आठवतात. मला ती दुपार आठवते, पंखा बंद, आणि सगळ्या जगात फक्त एक कात्री.

तुम्ही विचाराल, आता सगळं छान ना? छान म्हणजे काय? भुंगी मोठी झालीय, माझ्यापेक्षा उंच. कुकरची शिट्टी अजूनही चालत नाही. काही दिवस असे येतात, की सबंध घर तिच्याबरोबर कानांवर हात ठेवून बसतं. आपल्यामागे तिचं कसं, हा विचार धाकटीला सुटला असेल असं समजू नका, आजही टॉवेल वाळत घालायला तिला फार वेळ लागतो. पण भुंगी पार्लरमध्ये काम करते. गिऱ्हाइकांचे केस धुते. जिला कुणाचा स्पर्श चालत नव्हता, ती! आणि तुम्हाला सांगते, बायका तिच्यासाठी थांबून राहतात. का? ती बोलत नाही म्हणून! घरात किती माणसं, मुलाचं जमलं का, वजन वाढलंय का, काही म्हणजे काही विचारत नाही. पाणी किती ऊन हवं ते मनगटावर बघते, आणि एकदा मानेखाली हात घातला, की डोकं पूर्ण तिच्या तळव्यात. आपण आपलं आयुष्यभर हे ओझं उचलून फिरत असतो ना, ते कुणी तरी धरलंय असं वाटतं.

मीही जाते, दर रविवारी. आणि माझा स्वभाव तर तुम्हाला आता कळलाच. खुर्चीत पडल्या पडल्या मी सुरू होते, अगं भुंगे, ऐकलंस का, ती अमकी अशी म्हणाली, तो तमका तसा म्हणाला... भुंगी ऐकून घेते, ऐकून घेते, आणि मग शांतपणे नळ पूर्ण सोडते. बोलायला तोंड उघडलं की पाणी नाकात! माझ्या नवऱ्याला जे जमलं नाही, साहेबाला जमलं नाही, त्या घड्याळ दाखवणाऱ्या तुमच्या संयोजक बाईंनाही मघापासून जमत नाहीये, ते त्या पोरीला जमतं. पडून राहते झालं मुकाट्यानं... काय करता? केस तर धुवायलाच लागतात!